मयुराच्या मापाचा कोट

(जुलै. सीताबर्डीतल्या एका कपड्यांच्या दुकानाचा पहिला मजला. बाहेर पाऊस. शोभाताई स्टुलावर बसल्या आहेत, त्यांची मोठी मुलगी रितिका आरशापुढे उभी आहे, दुकानातले जुने विक्रेते कवडूभाऊ कोट काढून दाखवत आहेत.)

शोभाताई : हा नको. पाहा कसा पोतडीवानी लोंबून राहिला. दुसरा काढा.

कवडू : आई, हा साधा रेनकोट आहे. स्कूटरवर घालायचा. तुम्ही आधी सांगितलं असतं, की फॉरेनला न्यायचा आहे...

शोभाताई : सांगतलं ना. आयर्लंड. माही लहानी तिथं असते, मयुरा. तिथं बाराही महिने पाऊस, अन् वरून थंडी. छत्री म्हणे उलटी होते हवेनं.

रितिका : आई, तिलाच व्हिडिओ कॉल लावते ना. कोट तिचा आहे, तिला आवडेल तो घेऊ.

शोभाताई : नको. डॉक्टरनं पडून राहाले सांगतलं तिले. काहून उठवतं? तू उभी राय. दोघींचं अंग एकच हाय.

रितिका : तिला सातवा महिना आहे. माझ्या अंगाला बसला तो तिच्या पोटावर लागणार आहे का?

शोभाताई : पोट काय जन्मभर राहते?

कवडू : मग हा बघा. ट्रेंच कोट. आधी हात लावा ताई, मग बोला. सुतीच आहे, पण वीण अशी घट्ट की पाणी वरच्या वर थेंब होऊन घसरतं.

रितिका : गॅबर्डिन.

कवडू : वा. ताईंना माहीत आहे.

शोभाताई : कॉलेजच्या लॅबमधी नोकरीले हाय ते. तिले समदंच माहीत असते. बाईले जे माहीत पाहिजे तेवढं सोडून.

रितिका : पाठीवर हे काय आहे, भाऊ? हा वेगळा पदर?

कवडू : तीच तर खरी गोष्ट आहे. पाठीवरून पाणी ओघळतं, ते या पदरावरून खाली पडतं, शिवणीत शिरत नाही. खांद्यावरची ही पट्टी तशीच. पूर्वी लढाईत खंदकात उभं राहणाऱ्या साहेब लोकांसाठी हा कोट निघाला. नुसती फॅशन म्हणून यात काही लावलेलं नाही. स्वस्तातल्यात हा पदर नुसता वरून चिकटवतात. आता आतून बघा. शिवणीवर पट्टी मारली आहे. मी वीस वर्षं हायकोर्टातल्या वकिलांचे कोट शिवले, मग इथं लागलो. मी कोट उलटा करून बघतो आधी.

रितिका : बटनाला मागून दुसरं लहान बटन आहे.

कवडू : म्हणजे ओढलं तरी कापड फाटत नाही. घाला ना ताई. हा हात. आता हा. पट्टा कडीत घालू नका, नुसती गाठ मारा. हां, बघा आता.

शोभाताई : खांदे ताठ ठेव. मयुराचे असे उतरते नाईत.

कवडू : आई, खोटं नाही बोलत, ताईंसाठीच बनवला असं वाटतं.

शोभाताई : तिले दिसून काय करायचं हाय? अंग दोघींचं सारखंच दिलं देवानं, चेहरा देताना मंग हात आखडला.

रितिका : आई.

शोभाताई : काय चुकीचं बोलली? भाऊ घरच्यासारखेच हायेत. बरं, आता हात वर कर. वाक. अजून वाक. पाठीत ओढत तर नाई? कडेवर लेकरू घेतलं तर?

रितिका : नाही ओढत. हलका आहे. आई, खरंच छान आहे हा. मयुराला आवडेल.

शोभाताई : एका हातात सामानाची पिशवी, एका हातात बाबागाडी. धावून पाहा जराशी.

रितिका : दुकानात धावू?

शोभाताई : बाहेर कचरा टाकाले जावं लागते तिथं. कामवाली नाई मिळत.

रितिका : मयुरा कधीपासून कचरा टाकायला लागली? ते सगळं स्वानंद करतो. तीच सांगते.

शोभाताई : जावईबापूले पण काम हाय ना आपलं.

कवडू : बाह्या अर्धा इंच आखूड कराव्या लागतील. आमचा कारागीर आज नाही, उद्या करून ठेवतो. त्या धाकट्या ताईंचे हात यांच्यापेक्षा लांब आहेत का?

शोभाताई : हिच्याच हाताच्या मापानं करा.

कवडू : आणि चिठ्ठीवर नाव? कोट ज्यांचा, त्यांचं लिहितो आम्ही. दहा कोट असतात, अदलाबदल होते.

शोभाताई : रितिका लिहा.

रितिका : माझं काहून? मयुरा लिहा भाऊ.

शोभाताई : रितिकाच लिहा. कोट तुहाच हाय.

रितिका : माझा?

शोभाताई : हो. तुले घेतला. आवडला म्हणाली ना आत्ताच.

रितिका : मला कशाला? हे घालून मी कुठे जाऊ, कळमन्याला भाजी आणायला?

शोभाताई : आयर्लंडले. चौदा ऑगस्टचं तिकीट हाय. स्वानंदनं काढलं.

रितिका : कोणाचं तिकीट?

शोभाताई : तुहं. सहा महिन्यांसाठी. बाळंतपण होईन, वरून चार महिने लेकराचं पाहशीन, मंग येशीन. मयुराले उठाची मनाई हाय, तुले माहीत नाई का? घरात माणूस पाहिजे.

कवडू : आई, मी खाली जाऊन चहा सांगून येतो.

शोभाताई : तुमी राहा. काही भांडण नाई हे. घरातलीच गोष्ट हाय.

रितिका : म्हणून इथं सांगून राहिली तू. परक्या माणसासमोर. म्हणजे मी आवाज चढवणार नाही.

शोभाताई : घरी तू दार लावून घेतं. मंग मी दाराले सांगू?

रितिका : व्हिसा नसतो का लागत?

शोभाताई : फॉर्म भरला त्यानं. तुही सही तेवढी पाहिजे, सोमवारी. पासपोर्टचा फोटो म्या पाठवला. तुह्या कपाटातून घेतला, परत तिथंच ठेवला, हलवलं काही नाई.

रितिका : आणि माझी नोकरी?

शोभाताई : गोपिका मॅडमच्या घरी जाऊन आली मी. तुह्या विभागप्रमुखच ना त्या? त्या म्हणे बिनपगारी सुट्टी मिळून जाईन. चांगल्या हायेत. म्हणे, रितिकाले तेवढाच बदल.

रितिका : परवा त्यांनी मला विचारलं, तयारी झाली का. मला वाटलं प्रॅक्टिकलची. मी म्हटलं, हो मॅडम, झाली.

शोभाताई : मंग झालं तर. भाऊ, लिहा चिठ्ठी.

रितिका : लिहू नका भाऊ. आई, मी नाही जाणार.

शोभाताई : काहून? सख्खी बहीण हाय तुही. तुह्यामागं इथं कोण रडून राहिलं? नवरा नाई, लेकरू नाई. सदतीस पूर्ण झाले. एक कुंडी हाय गॅलरीत, तिले मी पाणी घालीन.

रितिका : मी त्या घरात राहणार नाही.

शोभाताई : त्या घराले काय झालं?

रितिका : तुला माहीत आहे काय झालं. स्वानंद मला बघायला आला होता. अकरा वर्षं झाली. आपल्या हुडकेश्वरच्या घरी, पुढच्या खोलीत. मी चहा घेऊन गेली. अर्धा तास बोलला माझ्याशी. आणि आठ दिवसांनी तू स्वयंपाकघरात येऊन सांगितलं, त्यांना धाकटी पसंत आहे. पोळ्या लाटून राहिली होती मी. त्या पूर्ण केल्या. मग तिच्या लग्नात हळद मी कालवली, तिची बॅग मी भरली. आता त्याच्या घरी जाऊन त्याचं ताट मी घासू?

शोभाताई : तेच धरून बसली का अजून?

रितिका : मी काही धरून बसली नाही. इतकी वर्षं बोलली का एक शब्द? फक्त तिथे जाऊन राहायला सांगू नको. मला त्या माणसासमोर उभं राहायची लाज वाटते.

शोभाताई : मंग तुही लाज काढूनच टाकते एकदाची. त्यानं तुले नाई म्हटलंच नव्हतं.

रितिका : काय?

शोभाताई : त्याच्या आईचा फोन आला होता. मोठी पसंत हाय म्हणे, तारीख काढा. म्या म्हटलं मोठीचं नाई जमत, तिच्या पत्रिकेत दोष हाय, अन् तिलेही मनातून लगन नको हाय. लहानी पाहा. चार दिवस त्यायनं विचार केला, मंग हो म्हटलं.

रितिका : माझ्या पत्रिकेत दोष नाही.

शोभाताई : नाई. पण काही तर म्हणा लागते ना.

रितिका : काहून केलं तू असं?

शोभाताई : तुह्या बाबाले लकवा मारून दोन महिने झाले होते. त्यायले उचलाले, धुवाले, कूस बदलाले मले कोण होतं? मयुरा? तिले वास सहन नाई होत होता, नाकाले ओढणी लावून जेवत होती ते. दोघींतली एक जाणार होती. म्या पाहिलं, कोणती राहिली तर निभन. तू राहिली, निभलं. सात वर्षं तुह्या बाबाच्या पाठीले एक जखम नाई झाली. डॉक्टर म्हणत होते, अशी पोरगी पाहिली नाई.

रितिका : आणि बाबा गेल्यावर? चार वर्षं झाली त्यालाही.

शोभाताई : तवा तेहतीसची होती तू. तवा कोण येत होतं? अन् मी एकटी काय करणार होती त्या घरात?

रितिका : स्वानंदला माहीत आहे हे?

शोभाताई : नाई. त्याले वाटते तुलेच संसार नको होता. आदरानं बोलते तुह्याबद्दल. म्हणून सांगून राहिली, ताठ मानेनं जा. त्या माणसानं तुले नापसंत केलंच नाई, तर लाज कायची?

रितिका : मयुराला?

शोभाताई : तिले माहीत हाय.

रितिका : कधीपासून?

शोभाताई : लग्नाच्या आदल्या रात्री सांगतलं. रडली. मंग झोपली.

कवडू : ताई, पाणी आणू का?

रितिका : नको. हा कोट काढायला मदत करा जरा. हां. आता आईला घाला.

शोभाताई : मले काहून?

रितिका : उभी राहा ना आई. बघू दे कसा होतो तुला. भाऊ, तुम्हाला अडचण नाही ना?

कवडू : माझी काय अडचण... हात द्या आई.

शोभाताई : ह्या वयात मले कोट घालून राहिली. येडी झाली का वं?

रितिका : बटन लावा भाऊ. सगळी लावा. वरचं गळ्याचं पण. तिथे हवा असते. पट्टा मात्र कडीत घालून नीट ओढून घ्या, आईला सैल काही आवडत नाही. छान. तू जा ना आई. आजी होऊन राहिली आहेस. लोकांच्या आया जातात बाळंतपणाला, मावश्या नाही जात.

शोभाताई : पहिले मलेच बोलावलं होतं तिनं. चैत्रातच म्हणाली होती, आई तू ये. मंग तिलेच माह्या गुडघ्याची काळजी वाटली. बारा-चौदा घंटे विमानात बसणं, तिथले जिने. म्हणे आईचे हाल नको. लेकीले कळते आईचं.

रितिका : ते मी सांगितलं होतं तुला.

शोभाताई : तिचाच निरोप ना तू सांगतला.

रितिका : निरोप दुसराच होता. गुडघ्यांचं मी बनवलं. तीन महिने मी तुला तेच सांगून राहिली, कारण खरं काय ते तुला सांगायचं धाडस नव्हतं माझ्यात. वाईट वाटेल तुला, असं वाटायचं.

शोभाताई : काय होता निरोप?

रितिका : वाचून दाखवते. मोबाईलमध्ये आहे. एप्रिलचा.

शोभाताई : राहू दे. घरी वाचू.

रितिका : घरी मी दार लावून घेते ना. ऐक. "ताई, काहीही कर, पण आईला पाठवू नको. तिला तिकिटाचं बोलली होती ते चुकून बोलली. मागच्या वेळी माझं बाळ गेलं तेव्हा तिनं फोनवर पहिलं काय विचारलं, तुला आठवतं ना? काय उचललं होतं म्हणे. मला रक्त जात होतं आणि ती विचारून राहिली होती, काय उचललं होतं."

शोभाताई : मी चुकीचं काय विचारलं? माणूस विचारतेच.

रितिका : अजून आहे. "आली तर ती आधी बाळाचा रंग बघेल, मग नाक. मग माझ्या घरात काय काय नाही ते मोजेल. मला ती खोलीत नको आहे. हॉस्पिटलात तर अजिबातच नको. मी तिच्यासमोर कळा देऊ शकणार नाही."

शोभाताई : बंद कर.

रितिका : शेवटची ओळ राहिली. ती माझ्यासाठी आहे. "तू ये ताई. तसंही तुझं तिथे काय आहे?"

शोभाताई : हे तुहं बनवलेलं असन.

रितिका : बघ. तिचा फोटो आहे वर. चष्मा आहे ना पर्समध्ये?

शोभाताई : नाई पाहाचं मले.

रितिका : मी तिला तेव्हाच नाही म्हटलं होतं. मग तिनं तुला कामाला लावलं. जी तुला खोलीत नको म्हणते, तिच्यासाठी तू माझं कपाट उघडलं.

शोभाताई : पोटात लेकरू असलं की बायका बोलतात काहीबाही. मनात नसते त्यायच्या.

रितिका : असेल तसं.

शोभाताई : लहानपणी माह्या पदराले धरून चालत होती ते. तू नाई चालत होती. तू पुढं पळत होती. ते नाई म्हणाची मले असं.

रितिका : फोन लाव तिला. आत्ता लाव. म्हण, रितिका नाही, मी येते. भाऊ पण ऐकतील काय म्हणते ती.

शोभाताई : आत्ता झोपली असन ते.

रितिका : लाव ना. मी नंबर काढून देऊ?

शोभाताई : नको.

रितिका : मग मी जाते. सोमवारी सही करणार नाही. गोपिका मॅडमना मी सांगेन. मयुराला तू सांग, काय कारण द्यायचं ते तूच ठरव. तुला कारणं सुचतात.

शोभाताई : त्याले काही सांगणार नाईस ना?

रितिका : कोणाला?

शोभाताई : स्वानंदले. पत्रिकेचं. तिचा संसार हाय वं. सातवा महिना हाय तिचा.

रितिका : म्हणून आज नाही सांगत.

शोभाताई : म्हणजे?

रितिका : बाळ होऊ दे. धडधाकट होऊ दे. बारशाचा फोन करतील ना ते दोघं, तेव्हा बोलेन त्याच्याशी. किंवा नाही बोलणार. तेव्हा बघू.

शोभाताई : असं टांगून ठेवशीन मले?

रितिका : मला अकरा वर्षं कळलं नाही, आई. तुला निदान माहीत तरी आहे.

शोभाताई : कुठं चालली? घरी ना?

रितिका : माहीत नाही. मेट्रोत बसते आधी.

शोभाताई : मंग मी कशी येऊ? रितिका. पाऊस हाय बाहेर.

रितिका : कोट आहे ना अंगात. भाऊ, तुमचा वेळ गेला. माफ करा. कोट खरंच चांगला आहे.

कवडू : काही नाही ताई. जपून जा, जिना ओला आहे.

शोभाताई : गेली?

कवडू : हो आई. उतरल्या.

शोभाताई : छत्री नेली का तिनं?

कवडू : नाही. ती बघा, कोपऱ्यात आहे.

शोभाताई : भिजन.

कवडू : ऑटो बोलावू का तुम्हाला?

शोभाताई : येईन ते परत. छत्री घ्याले तरी येईन. बसते थोडी.

कवडू : बसा.

शोभाताई : तुमाले किती लेकरं, भाऊ?

कवडू : एक मुलगी. वर्ध्याला दिली.

शोभाताई : फोन करते?

कवडू : करते. रोज करते. तिच्या आईला.

शोभाताई : काय बोलते आईसंगं एवढं?

कवडू : काही विशेष नसतं. भाजी काय केली, दूध आलं का नाही. अर्धा-अर्धा तास चालतं.

शोभाताई : अर्धा तास?

कवडू : हो. कधी जास्तच.

शोभाताई : हे सोडून द्या बाप्पा आता. पट्टा. मले सुटून नाई राहिला.

कवडू : सोडतो. हात बाजूला घ्या आई, तुम्हीच धरून ठेवला आहे.